शिष्यवृत्तीच्या खिडकीतल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या खिडकीवरून निघताना मी नुसती मान हलवली. 'येते' एवढंसुद्धा बोलता आलं नाही. तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि मागे रांग होती. राहून गेलेलं आज लिहितेय.

आमची गोष्ट तुम्हाला कागदांवरून कळलीच आहे. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे मिस्टर गेले. मुलगी चौदाची होती, मुलगा नऊचा. सरकारच्या बालसंगोपन योजनेत दोघांची नावं लागली. आधी एका मुलामागे महिन्याला ११०० रुपये होते, २०२३ पासून २२५० झाले. ते महिन्याच्या महिन्याला आम्हाला कधी मिळाले नाहीत. सहा-सहा महिने थकायचे, मग एकदम यायचे, आणि आले त्याच संध्याकाळी किराणावाल्याच्या वहीत जमा व्हायचे. पण येणार आहेत, या भरवशावर तो उधार देत होता. ते पैसे म्हणजे आमची बाजारातली पत होती, हे लोकांना सांगूनही पटत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये मुलगी अठराची झाली आणि तिचे २२५० थांबले. अठराला थांबतात हा नियमच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही, की चार वर्षांत योजनेच्या चौकशीला घरी येऊन गेलेल्यांपैकी एकानेही 'ताई, अमुक महिन्यापासून हे बंद होणार, आतापासून सोय बघा' असं सांगितलं नाही. घरासमोर उभं करून आमचे फोटो मात्र काढले. मागचे थकलेले हप्ते विचारायला मी एका कार्यालयात गेले तर समोरच्या माणसाने मान वर न करता म्हटलं, "मुलगी सज्ञान झाली ना? आता कमवू दे तिला." ती शेजारीच उभी होती, बारावीची गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत छातीशी धरून. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

त्याच महिन्यात एसटीचा मोफत पासही संपला. अहिल्याबाई होळकर योजनेत तो मुलींना बारावीपर्यंतच असतो. घरात येणारं म्हणजे धाकट्याचे २२५०, माझे लाडक्या बहिणीचे १५००, आणि पिको-फॉल, ब्लाऊजच्या शिलाईतून सुटेल ते. त्यात मुलीने फार्मसीचा ध्यास घेतलेला. पहिल्या फेरीत लागलेल्या कॉलेजात सांगितलं, "आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ." मी सोनाराकडे जाऊन मंगळसूत्राच्या वाट्यांचं वजन करून आले होते, काका. हे मुलीला अजून माहीत नाही.

दुसऱ्या फेरीत तुमचं कॉलेज लागलं. तुम्ही पहिलंच वाक्य बोललात, "फीची काळजी करू नका." आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आमच्यासारख्या ओबीसी घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकतेय. दोनदा विचारलं. तुम्ही दोन्ही वेळा सारख्याच शांतपणे सांगितलंत.

पण हे पत्र फीसाठी नाही.

मी तुमच्याकडे मिस्टरांच्या मृत्यूचा दाखला दिला. चार वर्षांत तो किती खिडक्यांवर उलगडला आणि घडी घातला, त्याची गणतीच नाही. घड्यांवर विरला होता, मधोमध फाटत आला होता. एका ठिकाणी तर 'फाटका कागद चालणार नाही' म्हणून माझ्याकडे सरकवून दिला होता. तुम्ही तो टेबलावर ठेवलात, तळव्याने सपाट केलात. मग ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढलीत. कागद पालथा केलात, फाटलेल्या दोन्ही कडा एकमेकींना टेकवल्यात, नीट जुळल्यात का ते वाकून पाहिलंत आणि मगच पट्टी लावलीत. नखाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत नेलीत. माझा धंदाच शिवणाचा आहे. कडा जुळवल्याशिवाय टाका न घालणारा हात मला लगेच ओळखू येतो. त्यांचं नाव बरोबर त्या फाटीवर होतं, ते पुन्हा सलग वाचता आलं. दाखला परत देताना तुम्ही म्हणालात, "ओरिजनल आता घरी ठेवा. इथे परत कुणी मागितला तर माझं नाव सांगा."

तेवढंच. चहा नाही, उपदेश नाही, 'बिचारी' अशी नजर नाही. रांगेतला मुलगा घाई करत होता, तरी तुम्ही पट्टीचं टोक कापायला कात्री शोधलीत.

त्यानंतर मुलीचं बँकेतलं अज्ञान खातं सज्ञान करून घ्यायची आठवण तुम्हीच दिलीत, कमवा आणि शिका योजनेत नाव घालायलाही तुम्हीच पाठवलंत. आता ती रोज दोन तास ग्रंथालयात काम करते. एसटीच्या सवलतीच्या पासाचे पैसे ती त्यातूनच भरते. एप्रन मी घरी शिवला. पुस्तकं एका वरच्या वर्गातल्या मुलीकडून मिळाली. ओढाताण आहे, नाही असं नाही, पण वाट्या डब्यातच आहेत.

यंत्रणा, यंत्रणा म्हणून आपण शिव्या घालतो आणि मीही घातल्यात. पण त्याच यंत्रणेच्या एका खुर्चीत तुम्ही बसता. अशी माणसं आणखीही असतील, त्यांच्या खिडक्यांपर्यंत आमच्यासारख्यांना पोचता यावं, एवढंच मागणं आहे.

धाकटा २०३० मध्ये अठराचा होईल. तेव्हाचा हिशोब मी आतापासून धरून चाललेय, महिन्याला दोनशे रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली आहे. त्याच्या प्रवेशाला दाखला पुन्हा काढावा लागेल. परवाच उघडून पाहिला, पट्टी कुठेही सुटलेली नाही.

तुमची कृतज्ञ,
पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीची आई