‘बाई, तिथं माझ्यावाचून काय अडतंय?’

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाताळात आपल्या अंकात आमच्या जिल्ह्यातल्या चर्चची छायाचित्रे आली होती. रोषणाई, चांदण्या, पुढच्या रांगेत नवे कपडे घातलेली तरणी पोरे. पाहून बरे वाटले. आता फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी आपल्या छायाचित्रकाराला पुन्हा पाठवावे, अशी विनंती आहे. पुढचे बाक रिकामे असतील, मागे आम्ही पिकल्या केसांची माणसे असू, आणि पेटीवर बसायला कोणी नाही म्हणून गीत नुसते तोंडाने चाललेले असेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे शिक्षिका होते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा धर्मवर्ग) गेली २६ वर्षे घेते आहे. २०१७ साली आमच्याकडे ११ मुलांचे दृढीकरण (मंडळीचे पूर्ण सभासद होण्याचा विधी) झाले. पाच वर्षांनी त्यांतली दोघेच रविवारी दिसत होती. चौघे चाकणच्या कंपन्यांत लागले, एक मुलगी नर्सिंगला गेली, एक भरतीच्या ॲकॅडमीत. उरलेले तिघे गावातच होते आणि येत नव्हते. मला त्या तिघांचीच जास्त काळजी वाटली.

आम्ही काही केले नाही असे नाही. दोन दिवसांचे तरुण शिबिर घेतले. पुण्याहून साउंड आणला, टी-शर्ट छापले, बाहेरचे वक्ते बोलावले. ६२ हजार रुपये खर्च आला. शेवटच्या रात्री मुले रडली, पुढे येऊन गुडघे टेकले. ते रडणे खोटे होते असे मी कधीही म्हणणार नाही. पण सोमवारी त्यांतल्या एकालाही कोणी फोन केला नाही. १४० जणांच्या पोळ्या लाटणाऱ्या बायकांत मी होते, हिशेब लिहिणाऱ्यांतही होते, आणि फोन न करणाऱ्यांतही होते.

त्या तिघांतला एक आयटीआय केलेला फिटर. मंडळीच्या वार्षिक सभेत उठून त्याने आमच्या देवळाबद्दल (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) विचारले, “शिबिराचे पैसे उरले असतील तर देवळाच्या पायऱ्यांचं काही करता येईल का?” कमिटीतले एक ज्येष्ठ म्हणाले, “खाली बस. तुझं वय काय, तू बोलतोस काय.” सगळी सभा गप्प राहिली. तो बसला आणि पुढच्या रविवारपासून आला नाही. मला त्याच्या घरी जायला अकरा महिने लागले. त्याच्या आईने चहा टाकला. तो मान खाली घालून म्हणाला, “बाई, तिथं माझ्यावाचून काय अडतंय?”

मला उत्तर देता आले नाही, कारण खरोखरच काही अडत नव्हते. पेटी वाजवायला एक मास्तर ठरलेले, दान मोजायला तीच दोन माणसे, वाचन त्याच चार जणांकडे. मुलांनी नाताळात चांदण्या लावायच्या, मुलींनी रांगोळी काढायची आणि पाहुण्यांना फुले द्यायची. मग मुले फक्त नाताळात येतात, यात नवल ते काय?

त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मी माझ्या घरी मुलांना बोलवायला लागले. पहिल्या गुरुवारी तिघे आले. पोहे केले, अर्धा तास बायबलमधले वचन वाचले आणि मग त्यांना बोलू दिले. जे निघाले ते मी २६ वर्षांत कधी ऐकले नव्हते. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची नोकरी सुटली की घरी काय सांगायचे? हिंदू मुलीशी लग्न करायचे आहे, पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) रागावतील का? मित्र दारूला ओढतात. आणि हटकून जातीच्या दाखल्याचा प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेर आहे. वर्गातल्या चुलत भावाला मिळते ते मला का नाही, हे पोराला रोज टोचते. या विषयावर मी व्यासपीठावरून एकही उपदेश ऐकलेला नाही. घरच्या सतरंजीवर तरी त्यावर बोलता आले.

आमच्या मंडळीत ८४ वर्षांच्या एक आजी आहेत. रेव्हरंड टिळकांची ख्रिस्ती भजने त्यांना जुन्या चालीत येतात, त्यांच्या आईकडून आलेल्या. पुस्तकात शब्द आहेत, पण त्या चाली कुठे लिहिलेल्या नाहीत. मुले त्यांच्या घरी जाऊन मोबाइलवर भजने टिपून घ्यायला लागली. आजींचा दम दुसऱ्या ओळीलाच सुटतो, मग ढोलकीवाली मुलगी ठेका धरून थांबते आणि आजी पुन्हा उचलतात. “आता देवळात म्हणून दाखवा,” त्या म्हणाल्या, “पण मला ऐकायला कोण नेणार?” त्यांचे येणे पायऱ्यांपायीच बंद झाले होते.

फिटर पोरगा टेप घेऊन गेला. कठडा कुठल्या बाजूला हवा, हे त्याने आजींना उभे करून विचारले. त्या नऊवारी नेसतात. चढताना उजव्या हाताने निऱ्या उचलाव्या लागतात, तेव्हा कठडा चढताना डावीकडे पाहिजे. उतरताना तोच उजवीकडे येतो, म्हणून त्याने दोन्ही बाजूंना लावला. पाइप पाळकसाहेबांनी आणून दिला, वेल्डिंग त्याचे. गेल्या पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला) आजी तो धरून वर आल्या. आता गुरुवारी नऊ मुले येतात.

हे काही मी शोधून काढलेले नाही. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ठोमरे नावाचा एक कोवळा मुलगा भेटला. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे सांभाळले. तोच बालकवी. तो ख्रिस्ती झाला नाही आणि त्यासाठी घराचे दार बंदही झाले नाही. ज्यांची भजने आम्ही दर रविवारी म्हणतो, त्यांनी तरुणांसाठी स्वतःचे घर उघडले होते. आम्ही मात्र हॉल भाड्याने घेतो.

चाकणला गेलेल्यांबद्दलही लिहायला हवे. १८४४ साली लंडनमध्ये वायएमसीए सुरू झाली ती कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या जॉर्ज विल्यम्समुळे. कामासाठी शहरात आलेल्या, एकट्या पडलेल्या पोरांसाठी पोरांनीच काढलेली ती संघटना. आमची पोरे आज त्याच अवस्थेत तीन जणांत एक खोली करून राहतात. दुसऱ्या मंडळीत नाव घालता यावे म्हणून त्यांच्या हातात आमच्या मंडळीचे सभासदत्वाचे पत्र कोणी दिले? लग्न ठरले की ती पत्र मागायला येतात, तेव्हा आम्हाला त्यांची थकलेली वर्गणी आठवते. पोराने गाव सोडले त्याच आठवड्यात पत्र तयार व्हावे आणि पिंपरी-चिंचवडच्या मराठी मंडळीतल्या कोणाचा तरी नंबर त्याला मिळावा. याला एक पैसा लागत नाही.

आमच्या कमिटीची निवडणूक एप्रिलमध्ये आहे. पंचविशीच्या आतल्या दोघांना, त्यांत एक मुलगी, मताच्या अधिकारासह घ्यावे असा अर्ज मी पाळकसाहेबांकडे दिला आहे. त्यावर नऊही मुलांच्या सह्या आहेत. “खाली बस” म्हणणाऱ्या ज्येष्ठांकडेही मी अर्ज घेऊन गेले होते. त्यांनी तो दोनदा वाचला आणि ठेवून घेतला. सही अजून केलेली नाही. मी पुन्हा जाणार आहे.

इतर मंडळ्यांमध्ये कमिटीवर तरुण असतील, तर तिथल्या कोणी या सदरातून जरूर लिहावे. एप्रिलच्या सभेत मला ते वाचून दाखवता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. अहिल्यानगर