१६ नोव्हेंबरचं तिकीट पोहोचलं, आजोबा

ती. स्व. आजोबांना शि. सा. नमस्कार.

तुमच्या लेकीने पाठवलेलं पाकीट परवा पुण्यात पोहोचलं. आत तेच फुटबॉल सामन्याचं तिकीट होतं, १६ नोव्हेंबर १९५७ चं. तुम्ही आता नाही आहात आणि असतात तरी मराठी वाचली नसतीत. पण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते माझ्या माणसांना कळावं, म्हणून पोहोच उघड्या पत्राने देतो आहे.

अमेरिकेत, ओक्लाहोमा विद्यापीठाच्या गावी नॉर्मनला, तुमच्या घरामागच्या खोलीत राहायला आलो, तेव्हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ एवढंच मला ठाऊक होतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे, हे तुम्ही जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बाटल्या सरकवून शिकवलंत. बड विल्किन्सन हे नाव तिथेच पहिल्यांदा ऐकलं. इंग्रजी अध्यापनात पदव्युत्तर पदवी घेतलेला, युद्धात नौदलात राहिलेला माणूस तिशीत, १९४७ साली, ओक्लाहोमा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. १७ हंगामांत १४५ विजय, तीन वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद, आणि १९५३ पासून सलग ४७ सामने जिंकलेले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीत आजही तो विक्रम कुणाला मोडता आलेला नाही.

पहिल्या सत्रात संख्याशास्त्रात मला शंभरापैकी ३१ मिळाले. मी बॅग भरायला घेतली. तुम्ही दारात उभे राहिलात, काही विचारलं नाहीत, आणि हे तिकीट आणून पलंगावर ठेवलंत.

त्या दिवशी ओक्लाहोमा राज्याला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. तुम्ही चौदा वर्षांचे, वडिलांशेजारी बसलेले. समोर नोत्र दाम विद्यापीठाचा संघ. शेवटची चार मिनिटंही उरली नव्हती, गुणफलक ०-०, आणि चौथ्या प्रयत्नात तीन यार्डांवरून त्यांचा डिक लिंच कडेने पळत आत शिरला. ७-०. ओक्लाहोमा हरलं, सलग ४७ विजयांची मालिका तिथेच तुटली. सामना संपला तरी लोक जागचे हलेनात, असं सांगताना तुमचा आवाज बसला होता. "आणि पुढच्या शनिवारी?" मी विचारलं. "नेब्रास्काला ३२-७ ने हरवलं," म्हणालात. बस, एवढंच. सकाळी मला गाडीत घालून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत नेलंत आणि तासभर बाहेर बाकावर बसून राहिलात.

प्रेंटिस गॉटची गोष्ट मात्र तुम्ही बऱ्याच उशिरा सांगितलीत. मी ४७ चं कौतुक करत सुटलो होतो, तुम्ही हातानेच थांबवलंत. १९५६ साली तो ओक्लाहोमाच्या फुटबॉल संघात आला, तिथला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पहिल्या वर्षाचा खर्च कृष्णवर्णीय डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांनी वर्गणी काढून उचलला होता. विल्किन्सनने त्याला संघात घेतलं, नंतर शिष्यवृत्तीही दिली. एकदा एका हॉटेलात त्याला इतरांबरोबर बसू देईनात, तेव्हा बरोबरची पोरं उठून बाहेर पडली. १ जानेवारी १९५९ च्या ऑरेंज बाउल या मानाच्या सामन्यात सिराक्यूज विद्यापीठाविरुद्ध तो ४२ यार्ड पळाला आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. "सगळं श्रेय बडला देऊ नकोस," असं तुम्ही, बडचे एवढे भक्त, मला बजावलंत. त्या पोराने रोज काय सोसलं असेल, ते स्टँडमध्ये बसून आपल्याला दिसलं नाही, म्हणालात. मला तुमच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटला तो त्या संध्याकाळी.

आजोबा, मी ती पदवी घेऊनच परतलो. आता संख्याशास्त्र शिकवतो. तिकिटाची कड तुम्ही लावलेल्या चिकटपट्टीमुळे पिवळी पडली आहे, ती मी काढलेली नाही. लेकीला वेगळं पत्र लिहिलं आहे. बाकावरच्या त्या तासाबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानतो.

तुमचा,
मागच्या खोलीतला मुलगा