मनूस पत्र

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मी मुद्दामच केला नाही. बोलायला लागलं की आपण दोघी भांडतो, म्हणून लिहिते आहे. तू घेतलेल्या बंदुकीचा फोटो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "नळी कापून आखूड केलीय का?" मी सांगितलं, कापून 457 मिलिमीटरच्या, म्हणजे अठरा इंचांच्या, खाली नेणं तिकडे कॅनडात गुन्हा आहे, ही कारखान्यातूनच साडेअठरा इंची आलीय. "हं," म्हणाले आणि बागेत मोटर लावायला गेले. तू त्यांना ओळखतेस.

बंदूक परत कर, असं सांगायला हे पत्र नाही. युकॉनमधल्या मेयोच्या वरच्या डोंगरांत तू सप्टेंबरपर्यंत दगडांचे नमुने गोळा करत हिंडणार. तिथे ग्रिझली आहे, काळं अस्वल आहे आणि मदत यायची ती हेलिकॉप्टरने, तेही हवा चांगली असली तर. मॅव्हरिक 88, पंपाची, 12 बोअर, चारशे डॉलरच्या आत. झुडपांतून वाट काढताना लांब नळी अडकते हे मला पटलं. स्वस्त घेतलीस याबद्दलही माझं काही म्हणणं नाही. जी पावसात भिजणार, चिखलात पडणार ती महागडी कशाला? तुझ्या आजोबांची, बापूंची, तर ठासणीची होती, बाजारातल्या लोहाराने तिला दोनदा डाग दिला होता.

आणि तू सगळं रीतसर केलंस. आधी कोर्स, मग लेखी परीक्षा, मग हातात बंदूक देऊन घेतलेली परीक्षा, मग अर्ज आणि पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला किमान 28 दिवस थांबावंच लागतं ते थांबणं. आपल्या घरात बंदुकीचा परवाना मिळवलेली पहिली बाई तू. नानामामाला हे सांगताना माझा आवाज जरा चढलाच होता, मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पण मला भीती अस्वलाची नाही गं. म्हणजे आहे, पण ती दुसऱ्या नंबरची.

बापूंच्या बंदुकीचा परवाना शेती संरक्षणाचा होता. भात पोटरीला आलं की डुकरं यायची, मग बापू रात्री शेतातल्या मांगरावर जायचे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, त्या दिवसांत नुसते डबे वाजवायचे. मी आठवी-नववीत असताना पलीकडच्या वाडीत काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. दोघे चुलतभाऊ राखणीला गेले होते. एक जण उठून बांधापलीकडे गेला, परत येताना झुडूप हललं आणि दुसऱ्याने बार टाकला. डुक्कर समजून. सकाळी त्याला आणलं तेव्हा मी पाणंदीत उभी होते. ज्याने बार टाकला तो पुढे वीसेक वर्षं जगला, पण माणसांत आला नाही.

त्यानंतर बापू बंदूक उचलण्याआधी तीनदा ओरडायचे. "कोण आसा रे थंय?" एकदा मी त्यांच्यासोबत होते. चांदणं होतं, डुकराची पाठ मला स्पष्ट दिसत होती, तरी ते तीनदा ओरडलेच. डुक्कर गेलं, जाताना कोपऱ्यातलं भात लोळवून गेलं. आजी सकाळभर त्यांना बोलत होती. ते शांतपणे केळीच्या पानावर बंदुकीची दारू वाळवत बसले होते.

तू म्हणशील, आई, युकॉनमध्ये जूनला रात्रच होत नाही. माहीत आहे, तू रात्री बाराचा फोटो पाठवला होतास, त्यात पुस्तक वाचता येईल इतका उजेड होता. पण ऑगस्टच्या मध्यापासून काळोख परत येतो ना? सप्टेंबरात धुकंही असेल. तंबूत झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला बाहेरची सावली कुणाची ते कळत नाही. कुणीतरी लघवीला उठलेलं असेल. आणि तुझ्या बंदुकीत छर्रे नाहीत, स्लग आहे, अठ्ठावीस ग्रॅमचा सबंध शिशाचा गोळा. कॅनव्हासच्या दोन भिंती त्याला काहीच नाहीत. म्हणून आधी आवाज दे. नाव विचार. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचार, टॉर्च मार. दिसल्याशिवाय चापाकडे बोट जाऊ देऊ नकोस.

नळीत काडतूस घालून फिरू नकोस. काडतुसं खालच्या मॅगझिनमध्ये राहू देत, वेळ आली तर पंप ओढायला कितीसा वेळ लागतो? सेफ्टी चाप अडवते, बंदूक दगडावर आपटली तर तिचा भरवसा नाही. तंबूत शिरताना ती पूर्ण रिकामी हवी, बोट घालून तपासलेली. अस्वलाला पळवायचा मिरचीचा स्प्रे पट्ट्याला, हाताशी, बॅगेत नाही. हेलिकॉप्टरमधून उतरलीस की बाहेरच्या टोपलीतून आधी तो काढून घे. तूच तो अलास्काचा 2012 चा अभ्यास पाठवला होतास ना? ज्यांनी अस्वलावर बंदूक चालवली आणि ज्यांनी जवळ असून चालवली नाही, त्यांच्या इजांमध्ये फरक दिसला नाही म्हणे. बाबांनी तो मुद्दा मला दोनदा वाचायला लावला. मग ती आहे म्हणून धीट होऊन दाट झुडपात शिरू नकोस. चालताना बोलत राहा, गाणी म्हण, वाऱ्याच्या विरुद्ध जाताना तर जास्तच.

हे सगळं तुला कोर्समध्ये शिकवलंय. तू सत्तावीस वर्षांची आहेस आणि मी बारावीच्या आदल्या रात्रीसारखी सूचना देत सुटले. रागावू नकोस. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे, लहानपणी पडवीतून दगड मारून कैरीचा देठ तोडायचीस, खालच्या काकू मोजत बसायच्या. त्या नेमाचीच मला आता धास्ती वाटते. तुझा नेम चुकणार नाही. त्यामुळेच समोर कोण आहे ते आधी कळायला हवं.

तुझ्या तंबूत दुसरी कोण मुलगी आहे, तिला हे सगळं सांग. रात्री बाहेर जाताना तिनेही बोलून जावं, नुसतं हळूच उठून नाही. दोघींनी एक शब्द ठरवा. सगळ्यांच्या जाकिटांना चमकणारी पट्टी लावता आली तर बघ, रस्त्याच्या कामगारांना असते तशी. हसतील तर हसू देत.

नानामामाचा मुलगा पुढच्या महिन्यात व्हँकुव्हरला येतो आहे, त्याच्याकडे कुळथाचं पीठ, मेतकूट आणि लोणच्याची छोटी बरणी देते. व्हाइटहॉर्सला कुरिअर करेल. बरणी तंबूत ठेवायची नाही, जेवणाच्या पेटीत, बाकीच्यांच्या सामानासोबत. सुकट मुद्दामच देत नाही, वास सुटतो. परत आलीस की खा हवी तेवढी.

सॅटेलाइटवरून रोज एक ओळ पाठव, बाबांच्या नंबरवर. ते विचारणार नाहीत, पण वाट बघतील.

तुझी,
आई