एकूण गुणांखाली दडलेले पाणी

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या, २०३० पर्यंत गाठायच्या शाश्वत विकास उद्दिष्टांचा नीती आयोगाचा निर्देशांक आला की राज्यांचे क्रमांक ठळकपणे छापले जातात. २०२३-२४ च्या निर्देशांकात देशाला ७१ गुण मिळाले. २०१८ मध्ये ते ५७ होते, म्हणजे १४ गुणांची प्रगती, असे सांगितले गेले. पण २०१८ चे गुण १३ उद्दिष्टे व ६२ निर्देशकांवरून (निर्देशक म्हणजे मोजली जाणारी एकेक बाब) काढलेले होते आणि २०२३-२४ चे १६ उद्दिष्टे व ११३ निर्देशकांवरून. प्रश्नपत्रिकाच बदललेली असताना दोन्ही गुणांची थेट वजाबाकी करता येत नाही.

गुण कसे निघतात तेही वाचकांना कळायला हवे. प्रत्येक निर्देशकाला ० ते १०० च्या पट्टीवर आणतात. १०० म्हणजे २०३० चे लक्ष्य आणि ० म्हणजे त्या आकडेवारीतले सर्वांत मागे असलेले राज्य. समजा नळजोडणीचे लक्ष्य १०० टक्के आहे, सर्वांत मागचे राज्य २० टक्क्यांवर आणि आपण ६० वर. आपल्याला ५० गुण मिळतील. पुढे मागचे राज्य ४० वर आले आणि आपण ६० वरच राहिलो, तर त्याच पद्धतीने आपले गुण ३३ होतील. आपल्याकडे एक नळ ना वाढला ना कमी झाला, तरी १७ गुण गेले.

वरच्या टोकालाही अडचण आहे. लक्ष्य गाठल्यावर गुण १०० वर थांबतात. मातामृत्यूचे लक्ष्य १ लाख जिवंत जन्मांमागे ७० आहे. महाराष्ट्राचा आकडा २०१८-२० मध्ये ३३ होता. उद्या तो ६० झाला तरी राज्याचे गुण १००च राहतील. इतकी गंभीर घसरण गुणपत्रिकेत दिसणारच नाही.

पण खरी हानी सरासरीने होते. उद्दिष्टातल्या सर्व निर्देशकांना सारखे वजन देऊन साधी सरासरी काढतात. समजा पाणी व स्वच्छतेच्या उद्दिष्टात आठ निर्देशक आहेत. शौचालये, नळ, शाळांतली स्वच्छतागृहे अशा सहांत १०० गुण आणि भूजलाच्या दोनांत शून्य. सरासरी ७५ येते आणि ६५ च्या पुढचे राज्य ‘आघाडीवर’ गणले जाते. विहिरी आटल्या असतील तर शौचालयात टाकायचे पाणी कोठून आणायचे? एका निर्देशकातली तूट दुसऱ्याने भरून निघते, हे गृहीतकच शाश्वततेच्या विरुद्ध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकाने याच कारणासाठी २०१० मध्ये साधी सरासरी सोडून गुणोत्तरी सरासरी घेतली, म्हणजे घटकांची बेरीज न करता गुणाकार करून काढलेली. तीत एक घटक शून्याकडे गेला की सगळाच निर्देशांक कोसळतो.

महाराष्ट्रात हे फार जवळून लागू होते. वार्षिक उपलब्ध भूजलाच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा ‘सुरक्षित’ मानतात, १०० च्या पुढे गेला की ‘अतिशोषित’. राज्याची सरासरी सुरक्षित गटात बसते. मात्र राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बसाल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते, एका तालुक्यातले पाणी दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. भूजलाचा फार उपसा झालेल्या वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातल्या आणि रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या शेतकऱ्याला राज्याच्या सरासरीचा काय आधार?

निर्देशक काय मोजतो हेही तपासावे. ‘लक्ष्याच्या तुलनेत बांधलेली शौचालये’ हे बांधकामाचे माप आहे, वापराचे नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र देशातील १९ टक्के कुटुंबे शौचालय वापरत नसल्याचे आढळले. याच सर्वेक्षणाचे महाराष्ट्रातले काम २०१९ च्या उत्तरार्धात, कोविडपूर्वी झाले. २०२३-२४ च्या निर्देशांकातला कुपोषणाचा आकडा याच सर्वेक्षणातला आहे. राज्यात वाढ खुंटलेल्या बालकांचे प्रमाण आधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात ३४.४ टक्के होते, या सर्वेक्षणात ३५.२ झाले. एवढा फरक नमुना-त्रुटीच्या, म्हणजे सर्वांऐवजी निवडक कुटुंबे पाहिल्याने येणाऱ्या चुकीच्या, मर्यादेत बसू शकतो. त्याला घसरण म्हणू नये, पण चार वर्षांत सुधारणा दिसली नाही हे निश्चित. २०२३-२४ चा निर्देशांक निघेपर्यंत २०११ नंतरची जनगणना झाली नसल्याने अनेक टक्केवाऱ्यांचा छेदही अंदाजित लोकसंख्येचा होता.

म्हणून विनंती अशी, की राज्याचा क्रमांक छापताना शेजारी त्याचे सर्वांत कमी गुणांचे उद्दिष्ट, मूळ आकडा आणि तो कोणत्या वर्षीचा ते द्यावे. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात दरवर्षी तालुकावार भूजल उपशाचा तक्ता असावा, यासाठीही आपल्या वृत्तपत्राने पाठपुरावा करावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे मूल्यांकन करतेच.

– सांख्यिकीचा एक अभ्यासक, पुणे