हॅरी राइटबद्दल, मंग्याला

प्रिय मंग्या,

तू विचारत होतास ना, की आयुष्यभर क्रिकेट क्रिकेट करणारा माणूस बेसबॉलच्या नादाला कसा काय लागला, तर ते फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितोय. कारण एकच माणूस, हॅरी राइट. आणि तो मुळात क्रिकेटवालाच रे!

१८३५ चा जन्म, इंग्लंडात शेफील्डचा, लहान असतानाच घरचे अमेरिकेत आले. वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे पगारी खेळाडू. हॅरीपण तेच करत १८६५ ला सिनसिनाटीच्या क्रिकेट क्लबात गेला, वर्षाला १२०० डॉलरवर, आणि मग तिथल्याच बेसबॉल क्लबने त्याला उचलला.

तेव्हा बेसबॉल खेळायचे पैसे घेणं नियमात बसायचं नाही, पण चांगले खेळाडू टेबलाखालून घ्यायचेच. १८६९ ला परवानगी मिळाली आणि हॅरीने सगळी टीम उघड उघड पगारावर ठेवली, रेड स्टॉकिंग्ज. १५ मार्च ते १५ नोव्हेंबर करार. स्वतःला १२०० आणि धाकट्या भावाला, जॉर्जला, १४००! मॅनेजर हा, मोठा भाऊ हा, पण शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा फील्डर) जॉर्जसारखा दुसरा नव्हता, विषय संपला. आणि मॅनेजर म्हणजे सगळंच, सामने ठरवायचे, प्रवास, पैशांचा हिशोब, सराव, वर स्वतः सेंटर फील्डला उभं राहायचं आणि आपला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, ब्रेनर्ड, त्याच्या फास्ट बॉलला मार बसायला लागला की पुढे येऊन स्लो बॉल टाकायचे. कुंबळेला आणल्यावर फास्ट बॉलिंगला सरावलेल्या बॅट्समनचं टायमिंग बिघडायचं ना, तसंच. त्या वर्षी टीम एकही सामना हरली नाही, न्यूयॉर्क बॉस्टनपासून ते नवीन रेल्वेने थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत.

आता खरी गोष्ट ऐक. १४ जून १८७०, ब्रुकलिन, समोर तिथलीच टीम अटलांटिक्स. ठरलेल्या नऊ इनिंग संपल्या, ५-५. अटलांटिक्सला ड्रॉ चालणार होता, ते मैदान सोडायच्या तयारीत, आणि हॅरीने पण हो म्हटलं असतं तर ८० च्या वर गेलेली न हरण्याची मालिका तशीच शाबूत राहिली असती, कोणी नाव ठेवलं नसतं. पण नाही. नियमाप्रमाणे खेळ पुढे झालाच पाहिजे म्हणून अडून बसला. अकराव्या इनिंगला हॅरीच्या टीमने दोन रन काढले, ७-५, वाटलं झालं. मग अटलांटिक्सचा कॅप्टन फर्ग्युसन, मॅचचं प्रेशर बघ, चक्क उलट्या हाताने बॅटिंगला उभा राहिला, का तर बॉल जॉर्जकडे जाऊ नये. आणि रेड स्टॉकिंग्ज ८-७ ने हरले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून हा माणूस माझा झाला, कारण १८६९ च्या त्या ५७ विजयांपेक्षा मला तो ड्रॉला दिलेला नकार मोठा वाटतो.

पुढे सिनसिनाटीवाल्यांनी पैसे नाहीत म्हणून पगारी टीम बंद केली, हॅरी जॉर्ज आणि अजून दोघांना घेऊन बॉस्टनला गेला, नाव पण तेच रेड स्टॉकिंग्ज, आणि १८७२ ते ७५ सलग चार वेळा चॅम्पियन. ७५ ला ७१ जिंकले, ८ हरले. मध्ये ७४ ला दोन टीम घेऊन इंग्लंडला बेसबॉल दाखवायला गेला, तिथे क्रिकेटचेही सामने खेळले आणि एकही हरले नाहीत (जास्त गडी खेळवायची सूट होती, पण तरी!). नंतर प्रॉव्हिडन्स, मग फिलाडेल्फियाला १० सीझन, मधेच १८९० ला दिसायचंच बंद झालं, हळूहळू नजर परत आली तसा पुन्हा कामावर. ९३ ला तिथलं काम संपलं तर लीगने, म्हणजे टीमांच्या संघटनेने, अंपायरांचा प्रमुख केला. १८९५ ला गेला.

आणि बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोरांच्या मानाच्या यादीत, जॉर्ज १९३७ ला, हॅरी १९५३ ला. जॉर्ज ग्रेटच, वाद नाही, पण ज्याने हा सगळा धंदा उभा केला त्याला १६ वर्षं मागे ठेवलं हे मला अजिबात पटलेलं नाही. तुझं काय म्हणणं ते नक्की लिही, आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पक्या