प्रिंटर घराचा व्हावा म्हणून

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. शाईच्या टाक्यांचा ऑल-इन-वन प्रिंटर घेतलास हे फार चांगलं केलंस. अण्णांना आता एका झेरॉक्ससाठी भर पावसात एसटीची वाट बघत उभं राहायला नको. पण तो तू लॅपटॉपला केबलने जोडून ठेवला आहेस, हे काही मला पटलं नाही. सोमवारी तू लॅपटॉप उचलून रत्नागिरीला गेलास की पुढच्या शनिवारपर्यंत ते यंत्र मुकं. यंत्र घरासाठी आणलंस, तर ते घराचंच व्हायला हवं. काकूंना फोनवरून, अण्णांना त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवरून आणि वहिनींना शाळेच्या कामासाठी, तुला फोन न करता वापरता यायला हवं. हे सगळं बोलण्यात सांगून होणारं नाही, म्हणून बैजवार लिहितोय.

आधी जागा आणि वायफाय. तुमचं घर जांभ्याचं, भिंती हातभर जाड. फायबरची वायर पडवीत येते, राउटर तिथेच, आणि प्रिंटर माजघरात. म्हणजे मध्ये एक भिंत आहेच. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाली पट्टी वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर दमते. २.४ सावकाश, पण भिंत ओलांडून येते. घरगुती प्रिंटरांपैकी बऱ्याच जणांना २.४ एवढीच समजते आणि छपाईला तेवढा वेग भरपूर झाला. अडचण येते ती जोडताना. हल्ली राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात. तुझा फोन पाचवर असतो, प्रिंटर शोधत असतो २.४ वर, आणि कंपनीचं ॲप 'प्रिंटर सापडला नाही' म्हणत गोल गोल फिरत बसतं. असं झालं तर राउटरच्या सेटिंगमध्ये ५ ची पट्टी तेवढ्यापुरती बंद कर, प्रिंटर जोड आणि मग ती पुन्हा चालू कर. तिथेच सुरक्षेचा प्रकारही बघून घे. नुसतं डब्ल्यूपीए३ असेल तर बरेच प्रिंटर आत येतच नाहीत, डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचं मिश्रण ठेव. वायफायच्या नावात देवनागरी अक्षरं किंवा चित्रं असतील तर तीही काढ.

तुझ्या मॉडेलला पडदा नाही, नुसती बटणं आहेत, म्हणून डब्ल्यूपीएसने, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून, जोडणं सोपं. राउटरवरचं डब्ल्यूपीएसचं बटण दाबलंस की दोन मिनिटं दार उघडं राहतं. तेवढ्यात प्रिंटरचं वायफायचं बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की काम झालं. नंतर राउटरमधलं डब्ल्यूपीएस बंद करून टाक. त्यातल्या पिनच्या पद्धतीतली पळवाट २०११ मध्येच उघडकीला आली आहे, ते दार कायमचं उघडं कशाला ठेवायचं?

जोडणी झाली की प्रिंटरकडूनच नेटवर्कचा कागद छापून घे. कोणती बटणं एकत्र दाबायची ते पुस्तिकेत असतं. हा कागद नीट वाच. त्यावर वायफायचं नाव असेल, सिग्नलची ताकद असेल आणि दोन ओळी आपल्या खास कामाच्या. एक आयपी ॲड्रेस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा प्रिंटरचा पत्ता, १९२.१६८ ने सुरू होणारा. दुसरा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राची स्वतःची ओळख, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, मध्ये विसर्गासारखी टिंबं. मॅक यंत्राला कारखान्यातच मिळतो आणि तो बदलत नाही. आयपी मात्र राउटरने दिलेला असतो, आणि तोही ठराविक मुदतीसाठी.

सुध्या, घरोघरी 'काल चालत होता, आज ऑफलाइन दाखवतोय' ही जी रड असते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. तुमच्याकडे वीज किती वेळा जाते ते मला ठाऊक आहे. वीज आली की राउटर, दोन-तीन फोन, टीव्ही, कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकदमच जागे होऊन पत्ता मागायला लागतात. आधी कोणाला काय दिलं होतं हे पुष्कळ राउटर विसरलेले असतात. काल प्रिंटरला मिळालेला पत्ता आज टीव्हीला जातो. अण्णांचा कॉम्प्युटर कालच्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. वाडीतल्या घरांचे नंबर रोज रात्री कोणी बदलून ठेवले तर पोस्टमन काय करील, तसंच. प्रिंटर बिघडलेला नसतो आणि ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, पुन्हा टाकूनही काही उपयोग होत नाही. तरी लोक नेमकं तेच करतात.

म्हणून प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेव. ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगच्या पानावर जा. जिओचा राउटर असेल तर ते बहुधा १९२.१६८.२९.१ वर उघडतं, इतर बऱ्याच राउटरचं १९२.१६८.१.१ वर. तिथे डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) किंवा लॅन (घरातलं नेटवर्क) यांच्या खाली 'ॲड्रेस रिझर्वेशन' किंवा तत्सम नावाचा रकाना असतो. त्यात प्रिंटरचा मॅक टाक, त्यापुढे एखादा पत्ता, समज शेवटी ५०, आणि सेव्ह कर. मग प्रिंटर बंद करून चालू कर आणि नेटवर्कचा कागद पुन्हा छापून पत्ता तोच आलाय ना ते बघ. हाच पत्ता प्रिंटरच्या आतही पक्का करता येतो, पण ते नको. उद्या फायबरची कंपनी बदललीस, नव्या राउटरची पत्त्यांची मालिका वेगळी निघाली, की प्रिंटर जुन्या पत्त्याला चिकटून बसेल आणि कोणालाच सापडणार नाही. राखण राउटरकडेच असलेली बरी. पत्ता एका चिठ्ठीवर लिहून स्कॅनरच्या झाकणाला बाहेरून डकव.

आता अण्णांचा कॉम्प्युटर. विंडोज आपणहून प्रिंटर शोधून जोडतं, तेव्हा अनेकदा 'डब्ल्यूएसडी' नावाचं पोर्ट, म्हणजे प्रिंटरपर्यंत जायची वाट, घेतं. ते शोधाशोधीवर चालतं, आणि शोध फसला की प्रिंटर ऑफलाइन. त्यापेक्षा 'ॲड मॅन्युअली'त जाऊन टीसीपी/आयपी ॲड्रेस निवड आणि चिठ्ठीवरचा पत्ता घाल. इतकं करूनही प्रिंटर छापतोय पण स्क्रीनवर ऑफलाइन दिसतोय असं झालं, तर पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस' समोरची खूण काढ. ती खूण म्हणजे प्रिंटरची खुशाली विचारण्याची एक पद्धत, आणि काही प्रिंटर तिला उत्तरच देत नाहीत.

फोनचं काम त्याहून सोपं. आयफोनवर एअरप्रिंट, म्हणजे फोनवरून थेट छापायची सोय, २०१० पासून आहे. अँड्रॉइडवर कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी २०१३ मध्ये मिळून उभारलेल्या मोप्रियाची तशीच सोय आहे, आणि नव्या फोनमध्ये छपाईची सेवा आतच असते. काकूंनी फोटो उघडायचा, 'प्रिंट' म्हणायचं, नाव निवडायचं, बस. जुन्या व्हिडिओंत गुगल क्लाउड प्रिंट लावायला सांगतात, तिकडे लक्ष देऊ नकोस. ती सेवा ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली.

गणपतीत मुंबईची मंडळी येतील, सगळ्यांना वायफाय लागेल, म्हणून तू पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नेटवर्क चालू करशील. जरूर कर. फक्त एक लक्षात ठेव, गेस्टवरच्या फोनला घरातली यंत्रं दिसत नाहीत, ते नेटवर्क त्यासाठीच असतं. त्यामुळे तुझ्या पुतण्याला आरत्यांचे कागद छापायचे असतील तर त्याने ती फाइल काकूंना पाठवावी आणि काकूंनी छापावी. मला तर हेच आवडेल. आरत्या मोठ्या टायपात छापा, १८ पॉइंटच्या खाली नको, समईच्या उजेडात म्हाताऱ्या माणसांना वाचता आल्या पाहिजेत.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त ओढ आहे त्याकडे येतो. या यंत्राचा खरा मोलाचा भाग वरचा आहे, झाकणाखालची काच. अण्णांची ती पत्र्याची पेटी तू मला दाखवली होतीस. खरेदीखतं, फेरफाराच्या नकला, घरपट्टीच्या पावत्या, आजोबांच्या हातची पत्रं. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर निम्मी भावकी, आणि सगळ्यांच्या हक्काचा पुरावा कोकणातल्या एका दमट खोलीत. आजचा सातबारा सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा १५ रुपयांत काढता येतो. पण पेटीतले जुने कागद घरातून गेले तर त्यांच्यासाठी कोणाकोणाचे उंबरठे झिजवावे लागतील याचा विचार कर. ते आधी स्कॅन करा.

कसं ते सांगतो. वरच्या फीडरमधून जुना कागद कधीही घालू नका, रोलर त्याच्या घड्या फाडतात. काचेवरच ठेवायचा, हलक्या हाताने, टाचण्या काढून. कागद पातळ असेल आणि मागची शाई पुढे दिसत असेल तर त्याच्या पाठीवर एक काळा कार्डशीट ठेवा. पांढऱ्या झाकणावरून परतणारा उजेड तो अडवतो, आणि मागची अक्षरं दबतात. रिझोल्यूशन ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. ए४ कागद ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचा होतो, रंगीत असला तर कच्चं माप सुमारे २६ एमबी. पीडीएफ करून दाबलं की पुष्कळ लहान होतं. शिक्के आणि सह्या असलेला कागद रंगीतच घ्या. जांभळा शिक्का आणि निळी सही काळ्या-पांढऱ्यात एकमेकांत मिसळून जातात. पाठीमागचा भाग कोरा वाटला तरी तोही घ्या, मुद्रांक विक्रेत्याची नोंद अनेकदा तिथेच असते. खरेदीखतं लीगल कागदावर असतील तर ती १४ इंच लांब, आणि घरगुती काच ए४ ची, पावणेबारा इंचांपेक्षा जराशी कमी. तेव्हा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा घ्यायचा, मध्ये चार-पाच ओळी दोन्हींत येतील असा. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग गट नंबर, मग कागदाचा प्रकार. असं केलं की सगळे कागद आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

अण्णांनी कॉम्प्युटरवरून स्कॅन करावं, काकूंनी फोनवरच्या ॲपमधून. प्रिंटरवरचं बटण दाबून थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये पाठवायची सोय काही यंत्रांत असते. त्यासाठी कोणी 'एसएमबी १ चालू करा' म्हणालं तर करू नकोस. ती फाइली वाटण्याची जुनी पद्धत आहे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो तिच्यातल्या भोकातूनच. त्याच वर्षाच्या शेवटापासून विंडोज १० च्या नव्या प्रती ती पद्धत बंद ठेवूनच येऊ लागल्या.

तसंच घराबाहेरून छापता यावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडून देऊ नकोस. २०१८ च्या नोव्हेंबरात जगभरातल्या हजारो प्रिंटरांतून एका यूट्यूब चॅनेलची जाहिरात आपोआप छापून बाहेर आली होती. त्या सगळ्यांचं ९१०० नंबरचं पोर्ट इंटरनेटवर उघडं होतं. प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं सेटिंगचं पान उघडतं, त्याचा पासवर्डही बदल. झाकणावरची चिठ्ठी सगळ्यांना दिसते, तिच्यावर तो लिहू नकोस.

पावसाळ्याबद्दल दोन गोष्टी काकूंनाही वाचून दाखव. कागद ओल धरतो, मग ट्रेमध्ये कडा वळतात, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात आणि अक्षर फुटतं. रीम वेष्टनासकट कपाटात ठेवा, ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं. दुसरं, प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करायचा. बटणाने बंद केला की तो शाईचं तोंड आपल्या जागी नेऊन झाकतो. भिंतीवरचा स्विच पाडला की ते उघडंच राहून सुकू शकतं. अचानक वीज गेली तरी तेच होतं, म्हणून प्रिंटर इन्व्हर्टरवर घे. शाईचा प्रिंटर छापताना दहा-वीस वॉटच्या आसपास खातो, इन्व्हर्टरला त्याचं काही ओझं नाही. लेझर असता तर मी नको म्हटलं असतं, कागद तापवताना तो शेकड्यांनी वॉट ओढतो. राउटरही त्याच इन्व्हर्टरवर असू दे. आणि आठवड्यातून एक तरी रंगीत पान छापा, तुझ्या लेकीचं चित्र छापलं तरी चालेल.

येत्या शनिवारी तू घरी असशील तेव्हा पत्ता राखून ठेवायचं काम आधी कर आणि नेटवर्कच्या कागदाचा फोटो मला पाठव. सिग्नलचा आकडा उणे ७५ च्या पलीकडे, म्हणजे उणे ८० वगैरे, असला तर सिग्नल कमजोर आहे, तेव्हा प्रिंटर पडवीच्या दाराजवळ सरकव आणि पुन्हा छापून बघ. अण्णांना माझा नमस्कार सांग, आणि एक निरोप दे. बाजारातला कोणी खरेदीखत लॅमिनेट करून देतो म्हणाला तर अजिबात देऊ नका, एकदा चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. मी गणपतीच्या आधी दोन दिवस येतोय. येताना काळे कार्डशीट आणि एक पेन ड्राइव्ह घेऊन येईन. पेटीतल्या कागदांची एक प्रत तुझ्या मुंबईच्या काकांकडे जाऊ दे, म्हणजे सगळं एकाच घरात राहणार नाही.

काकूंना आणि वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
विज्या