दोन मुठी, दीड मूठ

सातारा

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेनऊला तू आईला फोन करून विचारलंस, "पिठलं कसं करतात गं?" आणि तिनं फोन सरळ माझ्या हातात दिला. "यांना विचार. दोन वर्षं हातानं करून खाल्लंय त्यांनी. नंतर सत्तावीस वर्षं विसरलेत." तू हसलास. मीही हसलो, पण रात्री झोप काही लागली नाही. म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा टाकून मोकळा झाला असतास.

१९९६ साली माझी बदली गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंजला झाली. तिकडे सगळे त्याला वडसाच म्हणतात. आईची इथे झेडपीच्या शाळेत नोकरी, आजी थकलेली, म्हणून मी एकटाच गेलो. पहिला महिना-दीड महिना खानावळीत काढला, मग पोट असं बिघडलं की आठ दिवस कामावर गेलो नाही. शेवटी वातीचा स्टोव्ह, एक पातेलं, एक तवा आणि दोन ताटल्या घेतल्या. दोन कशाला? कुणी आलंच तर. दोन वर्षांत चारदा कुणी आलं असेल.

स्वयंपाक शिकलो तो पत्रांतून. अंतर्देशीय पत्रात जागा ती किती! आई पाच ओळींत घरची खुशाली उरकायची आणि उरलेल्या कागदावर कृती. मीठ लिहायचं राहिलं की घडीच्या पट्टीवर, डिंकाच्या जागेलगत, बारीक अक्षरात "मीठ!!" पहिल्याच पत्रातलं वाक्य अजून पाठ आहे: "तांदूळ माझ्या मुठीनं दोन, तुमच्या मुठीनं दीड. पाणी तांदळाच्या वर बोटाचं एक पेर." वाटीचं माप देऊन उपयोग नव्हता. माझ्याकडे वाटीच नव्हती.

तांदूळ तिथे उत्तम मिळायचा. वडशाच्या बाजारातून मी एचएमटी घ्यायचो आणि मला वाटायचं, हे एखाद्या कृषी विद्यापीठानं काढलेलं वाण असणार. ते काढलं होतं शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यानं, नागभीड तालुक्यात. शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या त्यांनी निवडून जपल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या, आणि नाव मिळालं घड्याळाचं, कारण तेव्हा एचएमटीचं घड्याळ जोरात होतं. २०१८ साली ते गेले तेव्हा पेपरात वाचलं. मी दोन वर्षं त्या माणसाचा भात जेवत होतो आणि मला पत्ता नव्हता. असो. तुझ्याकडे बंगळुरात सोना मसुरी मिळेल. त्याला पाणी किती लागतं ते पहिल्या दोन वेळा बघून ठरव, पोतं बदललं की पुन्हा बघ. नवा तांदूळ कमी पाणी पितो.

आता पिठलं. तुला फोनवर सांगितलं त्यात घाई झाली, म्हणून नीट सांगतो. एकट्यासाठी पाव वाटी बेसन पुरे. ते वाटीभर गार पाण्यात आधीच कालवून ठेव, गुठळी बोटानं मोड. कढईत दोन चमचे तेल. तेल तापलं की नाही हे बघायला मोहरीचा एकच दाणा टाक. तो बुडाशी गप्प बसला तर थांब, लगेच तडतडला तर बाकीची टाक. तेलातून धूर निघाला तर उशीर झाला, गॅस बंद कर आणि दोन मिनिटं दुसरं काहीतरी कर. मोहरीमागून जिरं, हिंग, चार ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, मिरची, मग कांदा. हळद टाकताना आच कमी कर. हळद जळली की पिठलं कडसर होतं आणि दोष बेसनाला जातो. मग कालवलेलं पीठ ओत आणि हात थांबवू नकोस. आधी काहीच होत नाही, आणि एकदम दाट व्हायला लागतं. तिथेच नवशिका घाबरून गॅस बंद करतो. तू झाकण ठेव, आच बारीक कर, पाच मिनिटं दे. कच्च्या बेसनाचा वास गेला की झालं. ते नाकाला कळतं, घड्याळाला नाही.

भाकरीच्या वाटेला एवढ्यात जाऊ नकोस. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कढत पाण्यात भिजवून मळून मळून त्याला आणावा लागतो. मला जमायला तीन महिने लागले आणि तोवर वडशातल्या एका कुत्र्याची चंगळ झाली. तुझ्याकडे उत्तर कर्नाटकातली माणसं भरपूर आहेत, आपली भाकरी त्यांची जोळद रोट्टी. विकत मिळते, खुशाल आण.

कुकरबद्दल मात्र कान उघडे ठेवून ऐक. सगळे शिट्ट्या मोजतात. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची आणि मग मिनिटं मोजायची. आत दाब धरला की पाणी शंभराला नाही, एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं, डाळ त्यावर शिजते. शिट्टीतून नुसती वाफ आणि गॅस वाया जातो. डाळ असेल तर कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, कारण डाळीला फेस येतो आणि फेस वाफेच्या भोकात जाऊन बसतो. वडशात दुसऱ्या वर्षी मी हौसेनं तीन लिटरचा कुकर घेतला, "उद्याचीही होईल" म्हणून तूरडाळ गच्च भरली आणि बाहेर पेपर वाचत बसलो. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. डाळ छताला. खोली सोडताना घरमालकाला चुना मारून दिला, तरी तो पिवळा डाग पांढऱ्यातून डोकावतच होता. झाकण लावण्याआधी ते भोक उजेडाकडे धरून आरपार बघायचं. दोन सेकंदांचं काम आहे.

पण खरी अडचण करण्याची नाहीच. अडचण आहे एकट्याच्या मापाची. आपल्या सगळ्या कृती चार माणसांच्या. एकट्यानं फ्लॉवरचा गड्डा आणला की तो चार दिवस त्याच्या मागे लागतो, आणि पाचव्या दिवशी माणूस फोन उचलून बाहेरून मागवतो. तुझंही तेच झालंय, एका जेवणाला सव्वादोनशे तू स्वतःच सांगितलेस. दोन वेळचे धरले तर महिन्याला साडेतेरा हजार. मी बोलत नाही, नुसता गुणाकार केलाय.

त्यावर माझा उपाय मटकी. शनिवारी रात्री मूठभर भिजत टाक, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधून ठेव. तुझ्या तिकडच्या गारव्यात मोड यायला जास्त वेळ लागेल, फडकं मधून ओलं कर. सोमवारी उसळ. मंगळवारी तीच पातळ करून, कांदा-लसूण मसाला वाढवून, वर फरसाण. उरलीच तर बुधवारी तांदळात टाकून मसालेभात. एकाच गोष्टीची तीन सोंगं काढता आली की एकट्याचं स्वयंपाकघर चालतं. उरलेल्या चपातीचा कुस्करा तुला येतोच, लहानपणी तू तो मुद्दाम मागायचास.

भाताचं मात्र वेगळं. उरलेला भात ओट्यावर तासन्तास ठेवू नकोस. कोमट झाला की लगेच फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपव. भातात असे जंतू असतात की त्यांची बीजं शिजवूनही मरत नाहीत, बाहेर ठेवलं की वाढतात, आणि त्यांचं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. फोडणी दिली म्हणजे शुद्ध झालं, हा गैरसमज मीही बरीच वर्षं बाळगला.

सामान थोडं आण. स्वस्त पडतं म्हणून पाच लिटरचा डबा आणलास तर तेल खवट होईल. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नकोस, दोन्ही लवकर खराब होतात. रवा आणल्या दिवशी भाजून ठेव, पोरकिडे होत नाहीत आणि उपम्याचं अर्धं काम होतं. ओटा पुसायचं फडकं रोज रात्री धुऊन वाळत घाल. घराला वास येतो तो बहुतेक त्या फडक्याचा असतो.

आणि गॅस. घरमालकानं सिलिंडर दिलाय म्हणालास, पण तो कधीचा? सिलिंडरच्या वरच्या कड्याला आतल्या बाजूनं, जिथे हात घालून उचलतो तिथल्या पट्टीवर, एक अक्षर आणि आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. सिलिंडरची पुढची तपासणी तेव्हा व्हायची असते. ती तारीख उलटलेली असेल तर परत पाठव. रबरी नळीवरही साल छापलेलं असतं, पाच वर्षांनी ती बदलायची. वास आल्यासारखा वाटला तर काडी ओढून बघू नकोस, साबणाचं पाणी लाव, बुडबुडे दिसतात. रात्री रेग्युलेटर बंद.

आता जे लिहायला बसलो होतो ते.

१९९८ ला मी परत आलो. पहिल्या संध्याकाळी चहा प्यायलो आणि सवयीनं कपबशी उचलून मोरीकडे निघालो. आजी म्हणाली, "राहू दे रे, आता घरी आलास ना." मी कप खाली ठेवला. एवढंच झालं. भांडण नाही, काही ठरवणं नाही. त्या दिवसापासून मला पिठलं येत नाही, असं सगळ्यांनी धरलं आणि मीही धरलं. आई शाळेतून पावणेसहाला यायची, पर्स खुंटीला अडकवायची आणि तशीच उभ्यानं गॅस पेटवायची. मी तिच्या आधी अर्धा तास आलेला असायचो. पेपर वाचत.

परवा तिनं फोन माझ्या हातात दिला तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

त्या रात्रीनंतर संध्याकाळची खिचडी मी माझ्याकडे घेतली. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "हळद जास्त झालीय." मग काही बोलली नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेतली. आज कपाट आवरताना तिनं माझी जुनी पत्रं काढून ओट्यावर ठेवली. अंतर्देशीय, पिवळी पडलेली, एकावर तेलाचा डाग. मी ती जपली होती हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मला नव्हतं.

सिलिंडरवरचं अक्षर आणि नळीवरचं साल बघून रविवारपर्यंत कळव. आणि तुझ्या मुठीनं किती तांदूळ लागतो तेही एकदा मोज. तुझा हात माझ्यापेक्षा मोठा आहे, सव्वा मुठीत भागेल असं आई म्हणते. मी म्हणतो एक.

तुझा,
बाबा

ता. क. मीठ!!